दुसऱ्याच्या रेकॉर्डवरचा माझा गंधार

मला संगीत कळतं. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ आत्मविश्वासाने म्हटलेलं आहे आणि दर वेळी त्यानंतर काहीतरी वाईट घडलेलं आहे. या खेपेला ते वॉटर्लूमध्ये, घरामागच्या डेकवर बार्बेक्यूत पनीर जाळता जाळता म्हटलं, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने ते खरं मानलं. कॅनेडियन माणसं सभ्य असतात. आपण जे सांगू त्यावर ती विश्वास ठेवतात. आपल्याला अशी सवय नसते, त्यामुळे आपण बोलताना जपत नाही.

माझ्या संगीत कळण्याचा पुरावा इतकाच, की नागपुरात शाळेत असताना आईने मला हार्मोनियमच्या क्लासला घातलं होतं. तिथल्या परीक्षा मी पास झालो. पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो, कॅनडात आलो, आणि आता इथल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी मीच वाजवतो, कारण बाकी कोणाकडे पेटी नाही. लोक नंतर येऊन "मस्त वाजवली हं" म्हणतात आणि प्रसादाच्या रांगेकडे जातात. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

शेजारी म्हणजे स्कूल बस चालवून रिटायर झालेला उंच, वाळका माणूस. फुप्फुसं थकलेली. नाकाखाली ऑक्सिजनची नळी, आणि चाकांवरचा छोटा सिलिंडर एका हाताने ओढत फिरणार. घरात आम्ही सगळे त्याला 'आजोबा' म्हणतो. भारतातून आमच्याकडे राहायला आलेली माझी आईसुद्धा म्हणते, आणि ती त्याच्याहून फार तर चार-दोन वर्षांनी लहान असेल. पूर्वी हे आजोबा बर्फ पडला की आमच्या आधी उठून आपला ड्राइव्हवे साफ करायचे आणि आमच्याकडे दुःखी नजरेने बघायचे. आता त्यांचाही मीच शोव्हल करतो आणि दुःखी नजर मात्र तीच आहे.

तर त्या संध्याकाळी ते म्हणाले, "तुला संगीत कळतं? मी हार्मोनिका वाजवायचो."

"अरे वा," मी म्हणालो. "माझे मामाही वाजवायचे. पिकनिकला."

त्यांनी मान डोलावली. "पिकनिक. छान."

(आमचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. इथे ते मराठीत देतो, कारण मराठीत मी जरा हुशार वाटतो.)

आत आल्यावर मुलीने फोनवर शोधलं आणि ओरडली, "बाबा! ही इज लाइक, अ लेजेंड!" आजोबा उमेदीच्या काळात दक्षिण ऑन्टॅरिओतल्या टॅव्हर्न्समधून, म्हणजे दारूच्या गुत्त्यांतून, इलेक्ट्रिक ब्लूज हे काळ्या अमेरिकनांचं संगीत वाजवत फिरत होते. रेकॉर्डी निघाल्या होत्या. फोटोत लांब केसांचा एक पोरगा, डोळे मिटलेले, हार्मोनिका आणि माइक एकाच मुठीत दाबून धरलेला, जणू कोणीतरी दोन्ही हिसकावून नेणार आहे. मामांचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की दोघांच्याही तोंडाला तेच वाद्य होतं.

मग दुसऱ्या दिवशी, लेजेंडसमोर शोभेल अशा नम्रपणाने मी कुंपणापाशी गेलो. तेव्हा खरी बातमी कळली. टोरोंटोजवळच्या वॉनमधला एक माणूस, छोटीशी रेकॉर्ड कंपनी चालवणारा, आजोबांच्या सगळ्या कारकिर्दीतल्या निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संच काढत होता. रेकॉर्डींवरची गाणी त्याने गोळा केली होती. अडलं होतं एका टेपवर. पहिली रेकॉर्ड निघण्याच्याही आधी एका टॅव्हर्नमध्ये कोणीतरी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग, स्पूलच्या टेपवर. जगात एकच प्रत, आणि ती आजोबांच्या बेसमेंटमध्ये ख्रिसमसच्या दिव्यांखाली.

"संच तिच्यापासूनच सुरू झाला पाहिजे," आजोबा म्हणाले. "ती नसेल तर काढू नको, असं मी त्याला सांगितलंय."

"मग अडलंय कुठे?"

"टेप चिकट झालीये. जुन्या टेपा दमट होतात, मशीनवर लावल्या की चिकटतात, वरचा थर निघून येतो. आधी मंद आचेवर वाळवाव्या लागतात. टोरोंटोच्या स्टुडिओत पुढच्या वर्षापर्यंत नंबर नाही." त्यांनी सिलिंडरकडे पाहिलं. "पुढच्या वर्षीचं मी काही बुक करत नाही."

मी विचारलं, "मंद आचेवर म्हणजे कशात वाळवतात?"

"काही लोक घरीच वाळवतात म्हणे. फळं वाळवायच्या मशीनमध्ये."

आता सांगा, मी गप्प कसा बसणार? आमच्या घरात ते मशीन होतं. इथल्या उन्हाचा भरवसा नाही म्हणून आईने मागच्याच महिन्यात ते घ्यायला लावलं होतं आणि त्यात सांडगी मिरच्या वाळत होत्या. आई त्याला 'उन्हाचा डबा' म्हणते. संपूर्ण प्रांतात ब्लूजच्या इतिहासाला आवश्यक असलेलं यंत्र, त्याला लागणारा इंजिनिअर आणि त्या इंजिनिअरला कळणारं संगीत एकाच छताखाली होतं. मी म्हणालो, "टेप मला द्या."

आणि त्यांनी दिली. सभ्यपणाचा हा तोटा आहे.

आई आधी तयार नव्हती. "काय करून राहिला रे तू? माझ्या मिरच्या काढून प्लॅस्टिक भाजतो का?"

"प्लॅस्टिक नाही आई, इतिहास आहे."

"मग इतिहासाला हिंगाचा वास लागंल. मग मला नको म्हणू."

वास लागलाच. जुन्या बाजारातून आणलेलं स्पूलचं मशीन मी बेसमेंटमध्ये लावलं, वाळलेली टेप चढवली, आणि पहिल्या फेऱ्यापासून खोलीभर हिंग, मेथी आणि तिखट असं काही पसरलं की मला चार शिंका आल्या. पण टेप फिरली. चिकटली नाही. तिच्यावर तीन गाणी होती; नमुन्याला मी पहिलंच उतरवून घेतलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या रेषा उमटत गेल्या आणि मला माझाच फार अभिमान वाटला. इथे मी थांबायला हवं होतं. इथे थांबलो असतो तर हे लिहायला काहीच उरलं नसतं, आणि एका सज्जन माणसाचा आठवडाभराचा मनस्ताप वाचला असता.

पण मग मी ते ऐकलं.

आधी वाटलं मशीन बिघडलं. ॲम्प्लिफायरची घरघर, बाटल्यांची टणटण, एक बाई मध्येच खदखदून हसतेय, आणि या सगळ्यातून हार्मोनिका अशी, की एखाद्या मालट्रकने गळा काढावा. कडा फाटलेल्या. दर दोन ओळींमध्ये सूंऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज. मी हळहळलो. एवढं मोठं नाव, आणि काय हे रेकॉर्डिंग! म्हटलं, आता हे आपल्याकडे आलंय तर नीट करूनच देऊ. कॉम्प्युटर आहे, सॉफ्टवेअर आहे, शनिवार आहे.

घरघर काढली. बाटल्या काढल्या. हसणारी बाई काढताना थोडा त्रास झाला, ती फार मनापासून हसत होती, पण काढली. हवा ओढल्याचे आवाज एकेक शोधून पुसले. मग खुद्द हार्मोनिकेच्या फाटलेल्या कडा गुळगुळीत केल्या. पाणी लावून भांग पाडावा तशा.

आणि मग लक्षात आला गंधार. सा-रे-ग मधला ग. माझ्या पेटीवर दोन गंधार आहेत, काळ्या पट्टीवर कोमल आणि पांढरीवर शुद्ध. परीक्षेत यातला कुठलाही एक वाजवला की मार्क मिळतात. हा माणूस दोन्ही वाजवत नव्हता. खालून सूर ओढत आणायचा आणि दोहोंच्या मध्ये, जिथे माझ्या पेटीवर नुसती फट आहे, तिथे सोडून द्यायचा. एकदा नाही, गाणंभर. मला त्याची दया आली. म्हटलं, बिचारा, तरुण वय, शिकवणारं कोणी नसेल, श्वास कमी पडत असेल. सॉफ्टवेअरमध्ये सूर चिमटीत धरून वर सरकवता येतो. मी त्याचा प्रत्येक गंधार चिमटीत धरला आणि शुद्धवर नेऊन बसवला. संध्याकाळपर्यंत गाणं इतकं स्वच्छ झालं, की कुठल्याही बँकेला फोन केल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे ते वाजवता आलं असतं.

बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे. कॉन्डोच्या लिफ्टमध्ये वाजतं तसं आहे."

मी याला दाद समजलो. सेव्ह केलं. मूळ फाइलवरच. कामाच्या ठिकाणी नव्या पोरांना बॅकअपवर मी जे लेक्चर देतो ते ऐकून एका मुलीने नोकरी सोडल्याची अफवा आहे. तोच मी. मग ती फाइल तशीच वॉनला पाठवून दिली, खाली दोन ओळी लिहिल्या, 'थोडी दुरुस्ती केली आहे, आवडेल अशी आशा', आणि मग आजोबांना ऐकायला बोलावलं. क्रम नीट बघा. ज्याचं गाणं, त्याला शेवटी.

आजोबा बेसमेंटच्या पायऱ्या हळूहळू उतरले. सिलिंडर मी उचलून आणला. ते सोफ्यावर टेकले, मी एखाद्या रसिक मंडळाच्या सचिवासारखा बाजूला उभा राहिलो आणि गाणं लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही हलले नाहीत. मला वाटलं गहिवरले.

"हा कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"नाही. हा चांगल्या घरातला मुलगा वाटतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तिथे एक बाई हसत होती, ती कुठे गेली?"

"काढली. नॉइज होता."

"ती बारवर ग्लास भरायची. गाण्यात तिला काही कळायचं नाही. पण मी ती एक नोट नीट ओढली की ती हसायची, कोणी गुदगुल्या केल्यासारखी. ती हसली की मला कळायचं, आज बरोबर लागलीये." जरा थांबून म्हणाले, "आणि माझा श्वास?"

"तोही... काढला."

आजोबांनी नाकाखालची नळी नीट केली. "डॉक्टरांना इतक्या वर्षांत जे पूर्ण जमलं नाही, ते तू एका शनिवारात केलंस, नेबर."

यावर काय बोलायचं असतं ते आमच्या हार्मोनियमच्या क्लासमध्ये शिकवत नव्हते. मी चहाची ढाल पुढे केली. म्हणजे 'चहा घेणार का' असं विचारलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि मग तो गंधार गुणगुणून दाखवला. आवाज फुटका, दम नाही, पण सूर नेमका फटीत. खालून आला, अर्ध्यात थांबला आणि तिथेच लोंबकळत राहिला. मग त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आणि ही नोट कोणाची आहे? माझी नाही ही."

"मला वाटलं, ती जरा... खाली राहिली होती."

"सगळ्यांनाच वाटायचं. रेकॉर्ड काढायला स्टुडिओत गेलो की काचेपलीकडचा माणूस म्हणायचा, एक काहीतरी ठरव, वर जा नाही तर खाली ये. घर चालवायचं होतं. मी ठरवायचो. त्या सगळ्या रेकॉर्डींवर मी आंघोळ करून, शर्ट खोचून वाजवतोय. ही एकच टेप होती जिच्यावर मला कोणी काही सांगितलं नव्हतं." ते उठायला लागले. "आता वाजवता येत नाही, म्हणून हिच्यासाठी भांडत होतो. असो. जुनी फाइल दे, त्याला पाठवतो."

मी त्यांना सेव्हचं सांगितलं. शक्य तितक्या तांत्रिक भाषेत सांगितलं, म्हणजे अर्थ उशिरा पोचेल. तो लगेच पोचला.

"म्हणजे नाहीये."

"टेप आहे ना! परत वाळवू. परत वाजवू. फक्त... दर वेळी थोडा थर निघतो, त्यामुळे..."

"त्यामुळे निघेल किंवा नाही निघणार," आजोबा म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले. सिलिंडर मला उचलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉनच्या माणसाचा फोन. मी घाबरतच घेतला, तर तो आनंदाने ओरडत होता. "काय काम केलंयस तू! किती क्लीन! मी आयुष्यात इतकं क्लीन जुनं रेकॉर्डिंग ऐकलं नाही. हेच संचाचं पहिलं गाणं. लोक गाडीत लावतील, किचनमध्ये लावतील. तू हे प्रोफेशनली करतोस का?"

आता माझी अडचण समजून घ्या. वीस वर्षं मी या देशात आहे. माझ्या कामाला 'सॉलिड' म्हणतात, 'ग्रेट टीम प्लेअर' म्हणतात, पण "काय काम केलंयस तू" असं कोणी म्हटलेलं नाही. मी त्याला खरं सांगितलं नाही. "थँक यू, थँक यू," म्हणत राहिलो आणि फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "एक व्यावसायिक माणूस म्हणतोय की चांगलं झालंय."

"मग?"

"मग कदाचित आजोबांनाच अलिप्तपणे बघता येत नसेल. कलाकारांचं होतं असं."

"बरोबर," बायको म्हणाली. "मग कव्हरवर फोटो कोणाचा, तुझा घ्यायचा का? तो गणपतीतला पेटीवाला आहे ना, फेटा घातलेला, तो दे."

मी कुंपणापाशी जाऊन आजोबांना फोनबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी शांतपणे माझ्याशी हस्तांदोलन केलं. "अभिनंदन. तुझी रेकॉर्ड येतेय. त्याला सांग, माझं नाव काढ आणि सगळं काढ. बाकीची गाणीही नकोत. जो मी नव्हतो, त्याची एवढी गाणी घेऊन कोण काय करणार?"

आणि आत गेले. म्हणजे माझ्या शुद्ध गंधारापायी आता अख्खा संच बंद पडणार होता. दोन सीडी, सगळी कारकीर्द. पेटीच्या परीक्षकाने त्या वेळी मला नापास केलं असतं, तर कॅनडाच्या ब्लूजवर केवढे उपकार झाले असते.

मी बेसमेंटमध्ये आलो. उन्हाच्या डब्यात मिरच्या पुन्हा विराजमान झाल्या होत्या. आई समोर खुर्ची टाकून पहारा देत बसली होती.

"आई, टेप परत वाळवायची आहे."

"तुझा इतिहास अजून ओलाच आहे का?"

"मी बिघडवलं सगळं. त्यांची रेकॉर्डच निघणार नाही आता."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आल्यावर बघायची तसं. मग अर्धवट वाळलेल्या मिरच्या ताटात काढायला लागली. "फडक्याने पूस आधी तो डबा," ती म्हणाली. "आणि आजोबाला बोलाव ऐकायला. या वेळी आधी बोलाव."

आजोबा येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. टेप वाळून थंड झाल्यावर आम्ही सगळे मशीनभोवती जमलो, सत्यनारायणाला जमतात तसे. मुलीने कॉम्प्युटर माझ्याकडून काढून घेतला. "बाबा, यू आर नॉट टचिंग एनीथिंग. ओके?" सेव्ह कुठे करायचं, त्याच्या प्रती किती करायच्या, हे तिने मला तोंडपाठ म्हणायला लावलं. नोकरी सोडलेल्या त्या मुलीला समाधान वाटलं असतं.

मी बटण दाबलं. टेप फिरू लागली आणि लगेच मशीनच्या खाचेत तपकिरी भुगा साचायला लागला. तो भुगा म्हणजेच गाणं. गळून पडतंय ते परत कधी लागणार नाही. मशीन एकदा किंचाळलं, मी हात पुढे केला, मुलीने तो पकडून बाजूला केला. टेप सरळ झाली. घरघर आली. बाटल्या आल्या. मग तो मालट्रक गळा काढत आला, दर ओळीआधी सूंऽ करून हवा ओढत. मी आजोबांकडे बघायचं टाळलं, तरी दिसलंच, की टेपवरचा पोरगा श्वास ओढायचा तेव्हा सोफ्यावरच्या म्हाताऱ्याची छातीही थोडी वर यायची.

गंधार आला. फटीत येऊन लोंबकळला. आणि बाई हसली.

मी ते रेकॉर्डिंग एक अख्खा शनिवार ऐकलं होतं. ती नेमकी तिथेच हसते, दर वेळी तिथेच, हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. संगीत कळतं ना.

गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्यांच्या मध्येच टेप चर्रर्र करून चिकटली ती चिकटलीच. पुढची दोन गाणी गेली ती गेलीच. आजोबा म्हणाले, "ती तशीही वाईट होती." ते खरं होतं की सभ्यपणा होता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मुलगी म्हणाली, "गॉट इट," आणि आई म्हणाली, "आता माझा डबा मोकळा झाला का?"

फाइल ईमेलने पाठवता आली असती. पण ईमेलचा माझा अनुभव ताजा होता. म्हणून पुढच्या रविवारी आजोबांना आणि सिलिंडरला गाडीत घालून मी स्वतः वॉनला निघालो. हायवेवर बर्फ भुरभुरत होता आणि आजोबा विंटर टायर्सच्या आवाजाबरोबर गुडघ्यावर ठेका धरून बसले होते. गेल्फ शहर मागे पडेपर्यंत तो ठेका चालूच होता.

मग ते म्हणाले, "तुझे ते मामा. काय वाजवायचे पिकनिकला?"

"सिनेमातली गाणी. सगळी एकाच सुरात."

"लोक ऐकायचे?"

"जेवण वाढेपर्यंत."

"चांगलं गिऱ्हाईक होतं मग," आजोबा म्हणाले आणि त्यांना हसू आलं, आणि हसण्यातून खोकला, आणि मी गाडी बाजूला घेऊ का विचारेपर्यंत पुन्हा ठेका.

रेकॉर्ड कंपनी म्हणजे वॉनच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या लांबलचक गोदामातला एक गाळा. एका बाजूला फरशांचं दुकान, दुसऱ्या बाजूला रिकामं. आत खोके, खोक्यांत रेकॉर्डी, मध्ये टेबल आणि दोन प्रचंड स्पीकर. कंपनीचा मालक साधारण माझ्याच वयाचा, दाढीवाला. त्याने आजोबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला मिठी मारली. मी मिठीतच म्हणालो, "एक घोटाळा आहे."

"कसला?"

"ते गाणं घेऊ नका. ही दुसरी फाइल आणलीये, ही घ्या."

त्याने ती थोडी लावली आणि चेहरा आंबट केला. "हे रफ आहे. तुझं कितीतरी बरं आहे. तू फक्त नॉइज काढलास ना? त्यात काही वाईट नाही, सगळेच काढतात."

हीच ती पळवाट. 'हो' म्हटलं असतं तर मी चांगला कारागीर ठरलो असतो आणि आजोबा एक हट्टी म्हातारा. आजोबा खुर्चीवर बसून खोक्यांवरची नावं वाचत होते. मदतीला येण्याचा काही विचार दिसत नव्हता.

"नॉइज काढला," मी म्हणालो. "आणि सूर बदलले. त्यातला मुख्य सूर यांनी वाजवलेलाच नाही. तो मी ठेवलाय."

"तू हार्मोनिका वाजवतोस?"

"नाही. तोच प्रॉब्लेम आहे."

मालकाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. माझ्या आयुष्यातल्या एकमेव चाहत्याला मी त्या दिवशी डोळ्यांदेखत मुकलो. "तू... सूर सरकवलेस? सगळे? का?"

"मला वाटलं, ते चुकलेत."

तो टेबलाला टेकला. मग आजोबांकडे वळून म्हणाला, "सॉरी. मला कळायला हवं होतं. तरीच ते इतकं... बरं वाटत होतं." मग धंदा आठवला. "पण ही रफ फाइल पहिली नाही लावता येणार. दुसऱ्या सीडीच्या शेवटी बोनस म्हणून टाकू. पहिलंच गाणं असं लागलं तर लोकांना वाटेल त्यांचा स्पीकर फाटलाय."

"फाटलेलाच होता," आजोबा म्हणाले. "त्या ॲम्प्लिफायरचा. टॅव्हर्नमध्ये मीच लाथ मारली होती."

"तरी. शेवटी टाकू."

"पहिलं," आजोबा म्हणाले. "नाही तर नको."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. या खोलीत माझ्या मताला आता किती किंमत होती ते मला माहीत होतं. म्हणून मी मत दिलं नाही. म्हणालो, "या मोठ्या स्पीकरवर एकदा पूर्ण ऐका ना. एवढ्या लांबून आलोय."

त्याने फाइल लावली, खांदे उडवले आणि आवाज वाढवला. माझ्या बेसमेंटमधल्या खेळण्यावर जे मालट्रकसारखं वाटलं होतं, ते इथे खरोखरच गोदामात घुसलं. खोक्यांवरची धूळ हलली. श्वास असा ओढला गेला की मला वाटलं खोलीतली हवा कमी झाली. मालक उभ्या उभ्या ऐकत होता, हाताची घडी घालून, आणि पहिल्या गंधारावर त्याची घडी सुटली.

दुसरा गंधार आला, बाई हसली, आणि फरशांच्या दुकानाच्या बाजूने भिंतीवर धाडधाड बुक्के बसले. कोणीतरी पलीकडून इटालियनमध्ये ओरडत होतं. मला इटालियन येत नाही, पण अर्थ लागला.

मालक घाईघाईने बटणाकडे वळला. "सॉरी, हा नेहमी..."

"हात लावू नकोस," आजोबा म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, नळी एका बाजूला कलंडलेली, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच मी त्यांच्या नजरेत दुःख सोडून दुसरं काहीतरी पाहिलं.

पलीकडून पुन्हा बुक्के. ठेक्यात मात्र नव्हते.

मालकाने भिंतीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. "पहिलं," तो म्हणाला. "ठीक आहे. पहिलं."

"थोडा आवाज वाढव," आजोबा म्हणाले.